हडसनकाठचा मेळा

"काका, स्मरणिकेसाठी तुमचा एक लेख हवा," असे आपल्या सेक्रेटरींनी सांगितले तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. सोसायटीची स्थापना, जागेची खरेदी, बोअरवेल, लिफ्ट या सगळ्याचा इतिहास लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार सभासद आहेत. माझे आयुष्य बँकेत लेजर तपासण्यात गेले. पण ते म्हणाले, "अमेरिकेहून आल्यावर गच्चीवर तुम्ही त्या मेळ्याबद्दल सांगितलं होतं ना, तेच लिहा." म्हणून लिहितो आहे. यात डोळ्यांनी पाहिलेले थोडे आणि सुनेने तिथल्या लायब्ररीतून आणून दिलेल्या पुस्तकांत वाचलेले जास्त आहे.

२०१७ च्या जून महिन्यात आम्ही दोघे मुलाकडे न्यू जर्सीत एडिसनला होतो. तिकडे जूनच्या तिसऱ्या रविवारी फादर्स डे असतो. त्याच्या आदल्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, उद्या गाण्याच्या जत्रेला जाऊ." जत्रा म्हटल्यावर आमची सौ. लगेच तयार झाली. सकाळी निघालो. हडसन नदीवरच्या टॅपन झी पुलावरून पलीकडे गेलो. जुन्या पुलाला लागूनच नवा पूल जवळजवळ बांधून झालेला दिसत होता. मग नदीच्या काठाकाठाने उत्तरेला क्रोटन पॉइंट पार्क नावाच्या ठिकाणी पोचलो. तिकिटाचा दर ऐकल्यावर सवयीप्रमाणे मी मनात रुपयांत गुणाकार केला आणि गप्प बसलो. नातू नऊ वर्षांचा, त्याला मोफत.

या मेळ्याचे नाव 'ग्रेट हडसन रिव्हर रिव्हायव्हल', लोक नुसते 'क्लिअरवॉटर' म्हणतात. हिरवळीवर ठिकठिकाणी रंगमंच, प्रत्येकावर वेगळे गाणे चाललेले. एकीकडे गोष्टी सांगणारे, एकीकडे कुंभार, विणकर, लाकूडकाम करणारे आपापली कला मांडून बसलेले. धक्क्याला एक मोठे शिडाचे गलबत लागलेले आणि त्यात बसायला लोकांची रांग. कचऱ्याच्या डब्यांपाशी स्वयंसेवक उभे होते. तुमच्या हातातली ताटली ओल्या कचऱ्यात जाणार की आणखी कशात, ते बघूनच ती टाकू देत. सौ. म्हणाली, "आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत एवढं कोणी लक्ष देत नाही."

मैदानाच्या मागे एक मोठी गवताळ टेकडी दिसत होती. मी मुलाला म्हटले, जेवण झाले की त्या टेकडीवर जाऊन येऊ. तो हसला. म्हणाला, "बाबा, ती टेकडी नाहीये. तो कचरा आहे."

तिथून माझे कुतूहल सुरू झाले.

क्रोटन पॉइंट हे नदीत आत शिरलेले जमिनीचे टोक आहे. तिथे कालवांच्या शिंपल्यांचे ढीग सापडले आहेत, सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे. म्हणजे मूळ रहिवासी तेव्हापासून इथे बसून कालवे खात होते. एकोणिसाव्या शतकात इथे द्राक्षांचे मळे होते, विटांच्या भट्ट्या होत्या. पुढे वेस्टचेस्टर काउंटीने (म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखे समजा) १९२३ मध्ये बागेसाठी ही जागा घेतली आणि १९२७ पासून तिच्याच एका भागात कचरा टाकायला सुरुवात केली. त्या भागात पूर्वी दलदल होती. दलदल म्हणजे निरुपयोगी जागा, असा तेव्हाचा सगळ्यांचाच समज. १९८६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे, तिथे कचरा पडत राहिला. शंभर एकरांहून मोठा डोंगर झाला. नंतर तो बंद करून त्यावर जाड प्लास्टिकचे आच्छादन आणि माती घालून गवत लावले. नदी स्वच्छ करण्यासाठी भरणारा हा मेळा १९७०च्या दशकाच्या अखेरीस इथे भरू लागला, तेव्हा डेपो चालू होता. म्हणजे कचऱ्याच्या शेजारी बसून लोक नदीची गाणी म्हणत होते!

हे सगळे सुरू करणारा माणूस पीट सीगर. नाव ओळखीचे वाटले नाही तरी 'वुई शॅल ओव्हरकम' हे गाणे आपल्याला माहीत आहेच, त्याचे हिंदी रूप आपल्या मुलांनी शाळेत २६ जानेवारीला म्हटलेले आहे. ते गाणे जगभर पोचवण्यात सीगरचा मोठा वाटा. जन्म १९१९ चा. बॅन्जो वाजवून लोकगीते गाणारा. १९४९ साली त्याने आणि त्याची बायको तोशी हिने न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला बीकन गावाजवळ हडसनच्या वरच्या अंगाला सुमारे १७ एकर डोंगरउताराची जागा घेतली आणि स्वतःच्या हाताने लाकडी ओंडक्यांचे घर बांधले. १९५५ मध्ये संसदेच्या समितीने कम्युनिस्ट संबंधांबद्दल त्याला प्रश्न विचारले, त्याने उत्तरे द्यायला नकार दिला. १९६१ मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली, १९६२ मध्ये ती अपिलात रद्द झाली. पण टीव्हीची दारे पुढे कितीतरी वर्षे बंदच होती. त्यामुळे हा माणूस शाळा, कॉलेज, चर्च, जिथे बोलावतील तिथे गात फिरला. पुढे जे झाले त्याचे बीज मला यातच दिसते. मोठा रंगमंच मिळत नसला की माणूस लहान लहान ठिकाणी लोकांना गाठायला शिकतो.

त्याच्या घरातून खाली दिसणारी नदी तेव्हा कशी होती? टॅरिटाऊनला मोटारींचा कारखाना होता. त्या दिवशी गाड्यांना कोणता रंग दिला ते नदीच्या पाण्यावरून कळते, असे लोक म्हणत. मॅनहॅटनच्या पश्चिम भागाचे सांडपाणी, रोज सुमारे १५ कोटी गॅलन, कसलीही प्रक्रिया न करता नदीत जात होते, आणि ते १९८६ पर्यंत चालू होते. न्यूयॉर्कसारखे शहर, जगाचे बँकिंगचे केंद्र, आणि ही अवस्था! आपल्याकडच्या नद्यांविषयी बोलताना आपण स्वतःला फार दोष देतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

१९६०च्या दशकात सीगरच्या हाती एक जुने पुस्तक आले, हडसनवर पूर्वी चालणाऱ्या शिडाच्या गलबतांविषयी. हडसनला समुद्राची भरती-ओहोटी ट्रॉयच्या धरणापर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीचशे किलोमीटर आत, जाणवते. कोकणातल्या लोकांना खाडी म्हटले की लगेच समजेल. तिथल्या मूळ रहिवाशांनी तिला दिलेल्या नावाचा अर्थच दोन्हीकडे वाहणारी नदी असा आहे. अशा पाण्यात वाऱ्यावर आणि भरतीवर चालणारी, एका डोलकाठीची रुंद गलबते एकोणिसाव्या शतकात शेकड्यांनी होती. रेल्वे आणि आगबोटी आल्यावर ती संपली. सीगरच्या डोक्यात आले, तसेच एक गलबत पुन्हा बांधायचे आणि गावोगावच्या धक्क्यांना लावायचे. नदीकडे पाठ फिरवून बसलेले लोक गलबत बघायला तरी काठावर येतील.

आता मी बँकवाला. माझ्याकडे असा कर्जाचा अर्ज आला असता तर मी काय शेरा मारला असता ते सांगायला नको. नदी घाण आहे, तिच्यावर उपाय म्हणून शंभर वर्षांपूर्वीचे गलबत बांधायचे, आणि परतफेड गाण्यातून! १९६६ मध्ये यासाठी संस्था स्थापन झाली. नदीकाठी उघड्यावर गाण्याचे कार्यक्रम करायचे, लोकांनी घरून डबे आणायचे आणि जमेल ती वर्गणी द्यायची. हेच पुढच्या मेळ्याचे मूळ. तीन वर्षांनी, १७ मे १९६९ रोजी, मेन राज्यातल्या साउथ ब्रिस्टल गावच्या गोदीत ते गलबत पाण्यात उतरले. लांबी १०६ फूट, नाव 'क्लिअरवॉटर'. पहिल्या सफरीचे खलाशी बरेचसे गायकच होते. वाटेत बंदरोबंदर कार्यक्रम करत आणि पैसे जमवत ते न्यूयॉर्कला आले.

सगळीकडे स्वागत झाले असे मात्र नाही. व्हिएतनाम युद्धाचा काळ. नदीकाठच्या काही गावांत सीगर म्हणजे कम्युनिस्ट, त्याची बोट नको, अशी भावना होती. संस्थेच्या आतही काहींना वाटे, याचे नाव मागे ठेवले तर बरे, देणगीदार बिचकतात. संस्था म्हटली की हे आलेच. पण गलबत चालत राहिले. एप्रिल १९७० मध्ये पहिल्या वसुंधरा दिनाच्या सुमारास ते थेट वॉशिंग्टनला गेले. ऑक्टोबर १९७२ मध्ये स्वच्छ पाण्याचा कायदा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नाकारला आणि संसदेने दुसऱ्याच दिवशी तो नकार मोडून मंजूर केला. त्या कायद्यासाठी झटणाऱ्यांत ही मंडळीही होती. एका गलबतामुळे कायदा झाला असे मी म्हणणार नाही. तेवढा मी भाबडा नाही.

कारण त्याच नदीवर आणखी दोन लढाया चालू होत्या, आणि त्यांच्याविषयी वाचल्याशिवाय या मेळ्यात एवढ्या प्रकारची माणसे एकत्र कशी आली ते कळत नाही.

पहिली लढाई स्टॉर्म किंग डोंगराची. १९६२ मध्ये कॉन एडिसन या वीज कंपनीने जाहीर केले की या डोंगराला कापून नदीचे पाणी वर चढवायचे आणि खाली सोडून वीज करायची. आपल्याकडे घाटघरला आहे त्याच जातीचा, पण कितीतरी मोठा प्रकल्प. १९६३ मध्ये 'सीनिक हडसन' ही संस्था त्याविरुद्ध उभी राहिली. कंपनीचे म्हणणे, तुमची एक इंच जमीन जात नाही, तुम्ही कोर्टात येणारे कोण? डिसेंबर १९६५ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला की निसर्गसौंदर्य आणि परिसर यांची आस्था असणाऱ्या संस्थेलाही दाद मागता येते. अमेरिकेतल्या पर्यावरण कायद्याची सुरुवात पुष्कळ लोक या निकालापासून धरतात. प्रकरण तरी १९८० च्या डिसेंबरपर्यंत चालले. शेवटी तडजोड झाली, कंपनीने प्रकल्प सोडला आणि डोंगराजवळची जमीन बागेसाठी दिली. अठरा वर्षे! आपल्या कन्व्हेयन्स डीडला लागलेला वेळ आठवून ज्यांना अजून राग येतो त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

यात चित्रकलेचा भाग मला फार आवडला. १८२५ मध्ये थॉमस कोल नावाचा तरुण चित्रकार हडसनने वर गेला आणि त्याने तिथल्या डोंगरदऱ्या रंगवल्या. त्याच्यामागून चित्रकारांची एक पिढीच तयार झाली, तिला 'हडसन रिव्हर स्कूल' म्हणतात. कोलचा शिष्य फ्रेडरिक चर्च याने नदीवरच्या टेकडीवर 'ओलाना' नावाचे घर बांधले, खिडकीतून दिसणारे दृश्य हेच मुळी चित्र, अशा बेताने. १९६०च्या दशकात ते घर विकायला निघाले होते. लोकांनी पैसे जमवले, राज्य सरकारने भर घातली आणि १९६६ मध्ये ते वाचले. पुढे समोरच्या काठावर अणुवीज केंद्र करायचे ठरले. तेव्हा १९७९ मध्ये अणुऊर्जा नियामक आयोगाच्या तज्ज्ञांनीच परवानगी देऊ नये अशी शिफारस केली, आणि त्यातले एक मोठे कारण ओलानाहून दिसणारे दृश्य बिघडेल, हे होते. शंभर वर्षांपूर्वी रंगवलेली चित्रे सरकारी फायलीत पुरावा म्हणून लागली. चित्रकाराला जिवंतपणी हे सांगितले असते तर त्याचा विश्वास बसला नसता.

दुसरी लढाई कोळ्यांची. हे लोक ना गाणारे ना चित्रे काढणारे. १९६६ मध्ये क्रोटनजवळच्या एका सभागृहात ते जमले. तक्रार अशी की क्रोटनच्या रेल्वे यार्डातून नदीत तेल सोडतात, मासळीला तेलाचा वास येतो आणि बाजारात कोणी घेत नाही. एका मासेमारीवर लिहिणाऱ्या पत्रकाराने १८९९ चा एक विसरलेला कायदा शोधून काढला होता. नदीत घाण टाकणाऱ्याला दंड, आणि जो खबर देईल त्याला दंडातला अर्धा वाटा! कोळ्यांनी रेल्वे कंपनीविरुद्ध तो वापरला आणि दोन हजार डॉलर मिळवले. व्याजासह वसुली म्हणतात ती ही. ज्या क्रोटन पॉइंटवर मी मेळा पाहिला, तिथून ते यार्ड अगदी जवळ आहे.

असे गायक, डोंगर वाचवणारे वकील, चित्रांचे रसिक आणि तेलाच्या वासाने वैतागलेले कोळी. यांचे एकमेकांशी फारसे पटण्याचे कारण नव्हते. त्यांना दोन दिवस एका हिरवळीवर बसवण्याचे काम मेळ्याने केले. आणि तो मेळा उभा केला तो सीगरने कमी, तोशीने जास्त.

तोशी सीगर हिचे नाव बाहेर फार ऐकू येत नाही. वडील जपानी, आई अमेरिकन, जन्म १९२२ चा म्युनिकमधला. नवरा गात हिंडायचा, ही घर, हिशोब, मुले आणि कार्यक्रम सांभाळायची. मेळ्याची आखणी तिची. बहिऱ्या लोकांना गाणे कळावे म्हणून रंगमंचाच्या कडेला खुणांच्या भाषेत गाणे सांगणारी माणसे उभी करायची, चाकाच्या खुर्चीतून सगळीकडे जाता यावे अशा वाटा करायच्या, हे तिने कायद्याची सक्ती यायच्या कितीतरी आधी केले. मी गेलो तेव्हा एका मंचावर अशी एक मुलगी पाहिली. गायक गात होता आणि ती हातांनी, चेहऱ्याने, सगळ्या अंगाने ते गाणे सांगत होती. माझा डावा कान गेली दहा वर्षे काम देत नाही. मी गायकाकडे बघणे सोडून तिच्याकडेच बघत राहिलो. जुलै २०१३ मध्ये तोशी गेली. लग्नाला सत्तर वर्षे पूर्ण व्हायला अकरा दिवस कमी होते. पुढच्या जानेवारीत सीगरही गेला, ९४ व्या वर्षी.

आता हिशोबाची बाजू. ती सांगितली नाही तर माझी झोप उडेल. मेळा संस्थेसाठी पैसे उभे करायला सुरू झाला, पण मेळा मोठा झाला तसा खर्चही. मंच, तंबू, कलाकार, बंदोबस्त. २०१६ साली संस्थेने पैशांअभावी मेळाच केला नाही. मी पाहिला तो एक वर्षाच्या खंडानंतरचा. लोक एकमेकांना भेटून मिठ्या मारत होते, त्याचे कारण मला तेव्हा कळले नव्हते. नंतर कोविडमध्ये दोन वर्षे तो फक्त कॉम्प्युटरच्या पडद्यावर झाला. उघड्यावरची गोष्ट पडद्यावर कसली जमायची!

हे सगळे वाचताना मला आपली मागची मोकळी जागा आठवत होती, हे कबूल करतो. नवीन सभासदांना माहीत नसेल, ताबा मिळाला तेव्हा तिथे बांधकामाचा राडारोडा छातीएवढा होता. पहिल्या दोन कोजागिऱ्या आपण त्या ढिगाशेजारी सतरंज्या टाकून केल्या. मुलांची गाणी, भोंडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा-वीस जण घमेली घेऊन राडारोडा उचलायला. कोणी सांगितले नव्हते. कोजागिरीला तिथे बसलो नसतो तर कोणाला तो ढीग खुपला नसता. पुढे तिथे कडुलिंब, कांचन, बहावा लावले. आणि २०११ च्या सर्वसाधारण सभेत त्यातल्या निम्म्या जागेवर पार्किंगसाठी काँक्रीट करण्याचा ठराव आला, तेव्हा खजिनदार म्हणून मीच उत्पन्नाचा तक्ता मांडला आणि हात वर केला. तक्ता बरोबर होता, आजही बरोबर आहे. त्यात दोन बहावे कुठल्या रकान्यात दाखवायचे ते मला तेव्हा सुचले नाही. या वर्षी उरलेल्या निम्म्या जागेचा ठराव येणार आहे असे ऐकतो. तक्ता मांडायला आता तरुण मंडळी आहेत.

परत क्रोटनला जातो. दुपारी नातू धक्क्याजवळच्या एका तंबूपाशी अडकला. तिथे नदीतले जिवंत मासे काचेच्या टाक्यांत ठेवले होते आणि एक बाई मुलांना त्यांची नावे सांगत होत्या. त्याने इंग्रजीत विचारले, हे पकडून खाता येतात का? त्या बाई खाली वाकून त्याच्या उंचीला आल्या आणि त्यांनी लपवाछपवी न करता सांगितले. वरच्या अंगाला जनरल इलेक्ट्रिकचे दोन कारखाने होते, त्यांतून १९४७ ते १९७७ पर्यंत पीसीबी नावाचे रसायन नदीत गेले, तेरा लाख पौंडांपर्यंत. ते गाळात बसले आणि गाळातून माशांत आले. २००९ ते २०१५ कंपनीने तो गाळ उपसला, बराच उपसला, सगळा नाही. म्हणून इथले मासे लहान मुलांनी आणि पन्नाशीच्या आतल्या बायकांनी अजून खायचे नाहीत.

"मग मी मोठा झाल्यावर?" नातवाने विचारले.

त्यांनी त्याला वय विचारले, बोटांवर काहीतरी मोजल्यासारखे केले आणि म्हणाल्या, बघू. मग त्याच्या ओल्या हातावर एक छोटा मासा क्षणभर ठेवला आणि परत टाकीत सोडला.

घरी जाताना गाडीत तो झोपेपर्यंत हाताचा वास घेत होता.